सतरा नंबरचा शिक्का

७८६

काळेवाडी,
ता. २ ऑक्टोबर १९७३

प्रिय कुसुमताई,

तुम्हाला खैरूनचा सलाम, भावजींना नमस्कार आणि तुमच्या छोट्या रंभाला एक गालगुच्चा. आम्ही इकडे खुशाल आहोत. तुमची खुशाली काही कळत नाही. हे माझं पाचवं पत्र. आधीच्या चारांना उत्तर नाही म्हणून रुसून बसायचं ठरवलं होतं, पण रुसवा काढायला तुम्हीच शेजारी नसाल तर रुसून करायचं काय?

रमजान सुरू झाला. यंदा पुन्हा दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आली आहे, गेल्या वर्षीसारखी. पिंपरीच्या बाजारात आत्ताच पाय ठेवायला जागा नाही. आमचे हे सकाळपासून दुकानात रबरी शिक्क्यांच्या कामात बुडालेले असतात. कारखान्यांचे, सोसायट्यांचे, परवा तर आळंदीच्या एका धर्मशाळेचा आला. ग्रीटिंग कार्डं सगळी माझ्या एकटीच्या अंगावर पडली. रबर कोरायचं माझं, छापायचं माझं आणि रंग भरायचं जे तुमचं काम होतं तेही आता माझंच. तुम्ही कागदावर नुसता पाण्याचा हात फिरवायच्या, ओल्यातच निळी शाई सोडायच्या आणि ती आपली आपण आभाळासारखी पसरायची. मी सोडली की डाग पडतो. परवा एका ईद कार्डावर मिनार छापला, मागे संध्याकाळ करायला गेले, तर मिनाराला आग लागल्यासारखं झालं. ह्यांनी बघितलं आणि कार्ड पालथं घालून ठेवलं, यावरून काय ते समजा.

दात घासायच्या ब्रशने पांढरा रंग उडवून चांदण्या पाडायची तुमची युक्ती मात्र जमते. माझ्या ओढणीवरही पडल्या आहेत.

चाळीच्या टोकाला राहणारे युनियनचे सोपानराव भेटले होते. म्हणाले, उद्धवरावांची केस लागली. बारा नोव्हेंबर, पुण्याचं कामगार कोर्ट. म्हणाले, पत्र पाठवलंय, पण गावाकडून काहीच नाही. ताई, भावजींना यायला सांगा. तपासणीत पैसे खाऊन खराब माल पास केला म्हणून कंपनीने त्यांना काढलं. नोकरी गेली ती गेली, पण हा डाग घेऊन आपल्याच गावात कसं राहायचं माणसाने? ते आले नाहीत तर केस तिथेच मिटेल, असं सोपानराव म्हणतात. पुढे कोणी विचारणारही नाही.

आज रंगांचा पत्र्याचा डबा उपसला. तळाशी दोन वर्षांपूर्वीचं तुमचं दिवाळीचं कार्ड निघालं. तेच, ज्याच्या कोपऱ्यात भावजींनी खिशातला कंपनीचा शिक्का काढून गमतीने मारला होता. गोल कडं, आत सतरा नंबर आणि खाली इंग्रजीत पास. "तपासणी झाली, आता घ्या," म्हणाले होते, आणि आपण दोघी किती हसलो होतो. ते कार्ड हातात आल्यापासून मला काम सुचत नाही. उठते, हंडा भरते, भरलेलाच असतो. पुन्हा येऊन बसते. रोज्यामुळे असेल.

ताई, भलंबुरं काहीही लिहा, पण लिहा.

तुमची,
खैरून

७८६

काळेवाडी,
ता. १२ ऑक्टोबर १९७३

प्रिय कुसुमताई,

सलाम आणि नमस्कार. तुमचं पोस्टकार्ड परवा मिळालं. सगळ्या मिळून आठ ओळी, त्यातल्या दोन पावसाच्या. तुमच्या भूमकडे यंदा पाऊस झाला हे वाचून बरं वाटलं. ते कार्ड मी दुकानात वाचलं, घरात वाचलं आणि नळाच्या रांगेत उभी असताना वाचलं. पुढच्या बाईने विचारलं, कुणाचं गं? मी म्हटलं, बहिणीचं. तिने माझ्याकडे बघितलं, कार्डाच्या डोक्यावरच्या श्रीकाराकडे बघितलं आणि हंडा पुढे सरकवला.

तुम्ही लिहिलंय की दुष्काळी कामावर खडी फोडून भावजींच्या बोटांची कातडी इतकी जाड झाली की आता सुईत दोरा ओवता येत नाही. आणि पुढे लिहिलंय की ते पुण्याला येणार नाहीत. म्हणतात, "शिक्का माझ्या खिशातून कधी हलला नाही. मग खराब मालाच्या त्या चिठ्ठ्यांवर उमटला तो माझ्याच हातून उमटला असेल. दमलो असेन, आठवत नाही."

हे वाचून मला राग आला. तुमचा नाही, भावजींचा तर नाहीच. भावजी असं म्हणतात? बोट फिरवून केसाएवढा फरक सांगणारा माणूस, त्याला स्वतःच्या हाताची खात्री राहिली नाही? कंपनीने नोकरी घेतली ते मला कळलं होतं. हे कोणी घेतलं, ते तुमचं पोस्टकार्ड येईपर्यंत मला माहीत नव्हतं.

गेल्या वर्षीची दिवाळी आठवते का? आपण ओट्यावर चाळीस कार्डं वाळत घातली होती. भावजी ड्यूटीवरून आले, चहा घेतला आणि सवयीने एकेक कार्ड उचलून बघायला लागले. भिंगसुद्धा काढलं. दोन ढीग केले. दुसऱ्या ढिगातल्या प्रत्येक कार्डाच्या मागे लाल पेन्सिलीची फुली. मी बघायला गेले तर चौदाच्या चौदा फुल्या माझ्या कोरण्याला, तुमच्या रंगाला एकही नाही. मला म्हणाले, "खैरूनताई, चंद्राची कड फुटलीय. हे लोकांच्या हातात द्यायचं नाही." तुम्ही तोंडाला पदर लावून हसलात. मीही हसले, पण घरी जाऊन ती चौदाही कार्डं चुलीत घातली, आणि पुढे आठ दिवस तुमच्या दारावरून तोंड फिरवून गेले. तुम्ही विचारलंत, काय झालं गं? मी म्हटलं, डोकं दुखतंय. आठ दिवस कुणाचं डोकं दुखतं का, ताई?

त्या आठ दिवसांविषयीच मला लिहायचं होतं.

दूध उतू गेलं. पुसून पुन्हा बसले आहे.

माझा धाकटा भाऊ शौकत तुम्हाला माहीत आहे. तुमच्या हातच्या चकल्या डब्यापाशी बसून खायचा तोच. तो तेव्हा भोसरीच्या त्या वर्कशॉपमध्ये होता, जिथून भावजींच्या कंपनीत बुशांच्या, म्हणजे मशीनमध्ये बसवायच्या छोट्या धातूच्या नळ्यांच्या, पेट्या जायच्या. भावजी त्या पेट्या परत पाठवायचे आणि शौकत माझ्यापाशी येऊन कुरकुर करायचा. त्याचं लग्न ठरलं आहे, ईदनंतर. मुलगी चाकणची, गुलशन नाव, कांद्याच्या व्यापाऱ्याची. अम्मी नुसती हवेत आहे. हे मी तुम्हाला का सांगतेय माझं मलाच कळत नाही. सांगायला घेते एक आणि हात लिहितो भलतंच.

तुम्ही भावजींना तेवढं सांगा की अजून ठरवू नका. मी पुन्हा लिहिते. आठवड्याच्या आत लिहिते. मला एकदा सोपानरावांना काही विचारायचं आहे.

तुमची,
खैरून

७८६

काळेवाडी,
ता. २१ ऑक्टोबर १९७३

कुसुमताई,

आज खुशाली विचारत नाही. आधी जे सांगायचं ते सांगते, मग वाटलं तर पुढे वाचा.

भावजींच्या हातून काहीही झालेलं नाही. त्या चिठ्ठ्यांवर उमटलेला शिक्का त्यांचा नव्हता. तो मी कोरलेला होता.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. प्रत्येक वेळी माझी बाजू आधी यायची आणि गोष्ट मागाहून. म्हणून यावेळी उलट लिहिलं.

मी तोंड फिरवून जात होते त्या आठ दिवसांतली गोष्ट. आमचे हे शाई आणायला पुण्याला गेले होते, दुकानात मी एकटी. शौकत आला. त्याच्याकडे पेटीला लटकवायच्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठीचा एक तुकडा होता, वर सतरा नंबरचा शिक्का, पण तेलाने पुसट झालेला. म्हणाला, "आपा, उद्धवरावांचा शिक्का झिजलाय. त्यांनीच सांगितलं दुसरा करून आण म्हणून. कंपनीचं पत्र मागाहून येईल." आमच्या दुकानाचा पहिल्यापासूनचा नियम आहे, कंपनीचं पत्र असल्याशिवाय कंपनीचा शिक्का कोरायचा नाही. नियम मला पाठ आहे. मी त्याला म्हटलं, यातलं काही दिसत नाही. तो म्हणाला, मग राहू दे. आणि मीच म्हटलं, थांब, माझ्याकडे त्याची चांगली छाप आहे.

घरून तुमचं ते दिवाळीचं कार्ड घेऊन आले. त्यावर बटर पेपर ठेवला, पेन्सिलीने गिरवलं, कागद उलटा करून चपलेच्या तळव्याच्या रबरावर घासला आणि सुरी चालवली. तासाभरात शिक्का तयार.

मला शौकतचं खरं वाटलं असं लिहिलं तर तेही खोटं होईल. संध्याकाळी तुमच्या दारात जाऊन भावजींना विचारायला चहा निवण्याएवढाही वेळ लागला नसता. मी गेले नाही, कारण मला विचारायचं नव्हतं. शौकत म्हणाला होता, "तो माणूस केसाएवढ्या फरकावर माल फेकतो, जगू देत नाही." आणि मी म्हटलं होतं, "मला नको सांगू, माझी चौदा फेकलीत त्याने." हात माझा, सुरी माझी आणि रागही माझाच. शौकतने मला फसवलं असेल, पण मी फसायला तयार बसले होते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पास म्हणून गेलेल्या त्या पेट्यांमधल्या बुशा मशीनमध्ये फुटल्या, चौकशी झाली, चिठ्ठ्यांवर सतरा नंबर. मला त्याच दिवशी कळलं. शौकतला जाऊन विचारलं तर म्हणाला, मालकाने सांगितलं ते मी केलं. मी म्हटलं, आता काय? तो म्हणाला, आता गप्प बसायचं. आणि मी बसले. भाऊ आत जाईल म्हणून बसले, दुकानाला कुलूप लागेल म्हणून बसले, आणि तुम्ही माझ्याकडे कशा बघाल म्हणून सगळ्यात जास्त बसले.

संक्रांतीच्या आधी तुम्ही सामान बांधत होता. ब्रश आणि रंगाच्या बाटल्या माझ्या हातात दिल्यात आणि म्हणालात, "चाळीत एक तूच आहेस, खैरून, जिला आमचं खरं वाटतं." मी मान हलवली. त्या मान हलवण्याची मला जेवढी लाज वाटते तेवढी तो शिक्का कोरल्याचीही वाटत नाही.

आता जे नवीन आहे ते ऐका.

मागचं पत्र टाकून आले आणि ते कार्ड घेऊन दारात उन्हाला बसले. हलवलं तर कोपऱ्यात काहीतरी लुकलुकलं. ताई, त्या कार्डावर पणतीभोवती तुम्ही डिंकाने चमकी लावली होती. तिचा एक कण कोपऱ्यात उडाला होता आणि भावजींनी शिक्का मारला तो बरोबर त्याच्यावर. चमकीवर शाई धरली नाही. त्यामुळे कड्याला उजव्या बाजूला तांदळाच्या कणीएवढी फट राहिली. मी गिरवताना ती फटही गिरवली. मला वाटलं शिक्का असाच आहे. नक्कल करताना मी विचार करत नाही, दिसेल ते कोरते. ह्यांनी या सवयीवरून मला किती वेळा टोकलं आहे.

सोपानरावांना खरं सांगितलं तर पुढे काय होईल एवढंच विचारायचं होतं, पण आता तशीच उठून त्यांच्याकडे गेले. विचारलं, केसच्या कागदांत त्या चिठ्ठ्या आहेत का? म्हणाले, नऊ आहेत. म्हटलं, त्यावरचं कडं कसं आहे? म्हणाले, "उजवीकडे तुटकं आहे. नऊच्या नऊवर तिथंच. कंपनी म्हणते घाईघाईत मारलाय. तुम्हाला कसं ठाऊक?" भावजींकडून काढून घेतलेला खरा शिक्का कंपनीने कोर्टात दिला आहे. त्याचं कडं अख्खं आहे. वर्षभराच्या त्यांच्या सगळ्या कागदांवरही अख्खंच आहे. मी तिथेच पायरीवर बसून त्यांना सगळं सांगितलं. त्यांच्या घरातून अंबूबाई पाणी घेऊन आल्या आणि माझा रोजा आठवून तशाच परत गेल्या.

आणखी एक आहे. दुकानातून शिक्का बाहेर देण्याआधी त्याची एक छाप नमुना वहीत मारायची ही आमची रीत. त्या दिवशीही सवयीने हात गेला. पुढे गिऱ्हाइकाचं नाव लिहिलं नाही, पण छाप आहे, फटीसकट, आणि माझ्या अक्षरात तारीख आहे. ती वही ह्यांच्यापुढे उघडून ठेवली. ह्यांनी भिंग लावून बराच वेळ बघितलं. म्हणाले, "सुरी तुझीच आहे. साताची मान तू अशीच मोडतेस." मग उठताना म्हणाले, "ते पान फाडू नको." त्यानंतर माझ्याशी कामापुरतं बोलतात. पण काल पुठ्ठा आणि कापड घेऊन बसले आणि त्या वहीची सुटलेली बांधणी नीट करून दिली.

शौकतला इफ्तारीला बोलावलं. खजूर हातावर ठेवला आणि म्हटलं, आधी हे खा, मग आपण बोलू. मी कोर्टात सांगणार हे ऐकल्यावर तो म्हणाला, "त्यांचं गावाकडे रान आहे, आपा. माझं काय आहे?" मी म्हटलं, तुझ्याकडे अकरा महिने होते. माझ्याकडेही होते. आपण दोघांनी ते फुकट घालवले. चाकणला गुलशनच्या घरी मी स्वतः जाऊन सांगणार आहे, लग्न ठेवायचं की मोडायचं ते त्यांनी ठरवावं. तो ताटावरून उठून गेला. अम्मी तेव्हापासून माझ्या हातचं खात नाही. रोजा शेजारच्या जमिलाकडे जाऊन सोडते.

सोपानराव म्हणाले, बाई, तुमच्यावरही बालंट येईल, विचार करा. भीती वाटते, खोटं कशाला बोलू. आमच्या घरातल्या कुठल्याच बाईने कोर्टाचं दार बघितलेलं नाही. साहेबाने उलटसुलट विचारलं तर माझी जीभ अडखळेल. पण वही अडखळणार नाही आणि ते कार्डही नाही. ती दोन्ही मी पोस्टाने पाठवत नाही, माझ्याबरोबर आणते. ते कार्ड तुमचं आहे, कोर्टाचं काम झालं की तुम्हाला परत देईन.

मला माफ करा असं लिहिणार नाही. तेवढं तोंड मला नाही. तुम्ही हे पत्र वाचून चुलीत घातलंत तरी चालेल, पण त्याआधी भावजींना वाचून दाखवा. मोठ्याने वाचा. त्यांना सांगा की ते दमले नव्हते, विसरले नव्हते आणि त्यांचा हात चुकला नव्हता. त्यांनी त्या पेट्या परत पाठवल्या ते बरोबर होतं. माझी चौदा कार्डं फेकली तेही बरोबर होतं. चंद्राची कड खरंच फुटली होती, मी चुलीत घालताना बघितली.

सोबत यंदाचं दिवाळीचं कार्ड आहे. पणती मी कोरली, आभाळही मीच केलं. निळं पसरलं नाही आणि ज्योतीपाशी शाई फुटली आहे. याहून चांगली दहा झाली होती, पण पाठवायला हेच घेतलं. भावजींना म्हणावं, मागे लाल पेन्सिलीने फुली मारा आणि ते खिशात घालून बारा तारखेला पुण्याला या. बोटं कितीही जाड झालेली असू देत, एवढं त्यांना दिसेलच. मी वही घेऊन सकाळपासून कोर्टाच्या दारात उभी असेन. माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल, पण या.

आजवर पत्राखाली 'तुमची' लिहीत आले. तो शब्द आता मी आपणहून लिहीत नाही. कोर्टात जे नाव सांगायचं आहे तेच लिहिते.

खैरुन्निसा अजीज अत्तार,
सतरा नंबरचा दुसरा शिक्का कोरणारी